फुले खाणारे भुंगेरे : फवारणीआधी ओळख

पावसाळा मध्यावर आला की विस्तार कार्यकर्त्यांकडून एका ठरावीक नमुन्याचे संदेश येऊ लागतात. सोबत कुरतडलेल्या जास्वंदीचे, चाळण झालेल्या गुलाबाचे किंवा मधला भाग पोखरलेल्या झेंडूचे छायाचित्र असते आणि खाली एकच प्रश्न असतो : ‘कोणते औषध मारावे?’ छायाचित्रात कीटक बहुधा नसतोच. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा फुलांच्या मागणीचा काळ आणि नेमका तोच फुलांवरील अनेक भुंगेऱ्यांच्याही सक्रियतेचा काळ. त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. तरीही अशा संदेशाला उत्तर म्हणून मी कीटकनाशकाचे नाव कळवत नाही, उलट तीन प्रश्न विचारतो. नुकसान दिवसा होते की रात्री? फुलाचा नेमका कोणता भाग खाल्ला गेला आहे आणि पाने शाबूत आहेत काय? बागेच्या आसपास शेणखताचा खड्डा, कंपोस्टचा ढीग किंवा पडीक गवताळ बांध आहे काय?

या तीन उत्तरांवरून कीटक न पाहताही बऱ्याच वेळा त्याचा गट सांगता येतो. फुलबागेत ज्यांना आपण सरसकट ‘भुंगेरे’ म्हणतो त्यांत किमान तीन निरनिराळ्या सवयींचे कीटक असतात. त्यांच्या अळ्या निरनिराळ्या ठिकाणी वाढतात आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो. काही उपाय तर हानिकारकच ठरतात.

दिवसा येणारा फूलभुंगेरा

गुलाब, झेंडू, शेवंती यांच्या उमललेल्या फुलात डोके खुपसून बसलेला, चपटा, साधारण सव्वा ते दीड सेंटिमीटर लांबीचा, तांबूस अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला भुंगेरा बहुतेकांनी पाहिलेला असतो. ऑक्सिसेटोनिया व्हर्सिकलर या नावाने तो ग्रंथांत नोंदला गेला आहे. कपाशी, बाजरी, वांगी यांच्या फुलांवरही तो आढळतो. त्याचे मुख्य खाद्य पराग. परागापर्यंत पोहोचताना तो पुंकेसर आणि पाकळ्या कुरतडतो. पाने मात्र सहसा शाबूत राहतात. फूल आतून विस्कटलेले, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडलेल्या आणि झाडाची पाने मात्र हिरवीगार असे चित्र दिसल्यास या गटाचा संशय घ्यावा.

हा भुंगेरा ऊन चढल्यावर उडतो. उडताना तो पुढचे टणक पंख उघडत नाही. ते पाठीवर मिटलेलेच राहतात आणि त्यांच्या बाजूच्या खाचेतून मागचे पातळ पंख बाहेर काढून तो उडतो. त्याच्या गुणगुणण्यामुळे लांबून तो मधमाशी किंवा भुंगा वाटतो. ‘बागेत मधमाश्या खूप आहेत, तरी फुले खराब होतात’ अशी तक्रार आली तर एकदा बागेत उभे राहून त्या मधमाश्या नीट पाहून घ्याव्यात.

या भुंगेऱ्याच्या अळ्या पिकांच्या मुळांवर जगत नाहीत. कुजणारा पालापाचोळा, शेणखत, कंपोस्ट यांत त्या वाढतात. येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फूल उत्पादकाचा दूरध्वनी आला. गुलाबाची फुले भुंगेरे खात होते आणि आळ्यातील माती उकरली असता पांढऱ्या, जाडसर, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या मोठ्या संख्येने सापडत होत्या. वर्णन ऐकून मी निःशंकपणे ‘हुमणी’ असे निदान केले आणि जमिनीतून कीटकनाशक देण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो दोनदा अमलात आणला. भुंगेरे कमी झाले नाहीत. तीन आठवड्यांनी मी प्रत्यक्ष गेलो, तेव्हा बागेच्या कडेच्या शेणखताच्या खड्ड्यात त्याच अळ्या शेकड्यांनी होत्या. त्यातील काही मी गोणपाटावर टाकल्या. क्षणभर वळवळ करून त्या उताण्या झाल्या आणि पाय वर करून पाठीवर सरपटत चालू लागल्या. हुमणीची अळी असे चालत नाही. निदान चुकले होते, उत्पादकाचा खर्च व्यर्थ गेला होता आणि आळ्यांत पूर्वी मुबलक दिसणारी गांडुळे दिसेनाशी झाली होती.

तेव्हापासून ही गोणपाटाची कसोटी मी प्रत्येक प्रशिक्षणात करून दाखवतो. अळी सपाट, कोरड्या पृष्ठभागावर ठेवावी आणि दोन मिनिटे थांबावे. पाठीवर सरपटली तर ती फूलभुंगेऱ्याच्या उपकुळातील, म्हणजे कुजलेले खाणारी होय. कूस बदलत, पायांच्या आधाराने ओढत चालली किंवा वळून तशीच पडून राहिली तर ती हुमणी असण्याची शक्यता धरून पुढील तपासणी करावी. नारळाच्या प्रदेशात, म्हणजे कोकण, गोवा, केरळ व किनारी कर्नाटकात, खताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगेऱ्याच्या अळ्याही असतात. त्या बोटाएवढ्या जाड होतात आणि पाठीवर चालत नाहीत. त्या ओळखून नष्ट करणे नारळाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

फूलभुंगेऱ्याच्या नियंत्रणाची गुरुकिल्ली त्यामुळे खताच्या खड्ड्यात आहे. पूर्ण न कुजलेले शेणखत आळ्यात भरू नये. खत वापरण्यापूर्वी खड्डा दोन-तीन वेळा उलथापालथ करून वर आलेल्या अळ्या वेचाव्यात. कोंबड्या सोडल्या तर हे काम त्या माणसांपेक्षा चोख करतात. या अळ्या कुजण्याच्या क्रियेला मदतच करतात, हे खरे आहे. बाग लांब असेल तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे असे माझे मत आहे. खड्डा मात्र गुलाबाच्या वाफ्याला खेटून नसावा.

प्रौढ भुंगेऱ्यांसाठी सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे पहाटेची वेळ. रात्रीच्या गारव्याने हे भुंगेरे सुस्त होऊन फुलातच बसून असतात. सुट्या फुलांची तोडणीही याच वेळी होते. तोडणी करणाऱ्या महिलांजवळ फुलांच्या टोपलीबरोबर साबणाचे पाणी असलेला एक लहान डबा द्यावा. भुंगेरा असलेले फूल डब्यावर धरून टिचकी मारली की तो पाण्यात पडतो. या कामासाठी थोडी अधिक मजुरी द्यावी लागली तरी ती द्यावी. भुंगेरे वेचायचे काम ‘जाता जाता’ सांगितले की ते होत नाही, असा अनुभव आहे. कापणीच्या गुलाबांत हा प्रश्न मुळातच सौम्य असतो, कारण कळी उमलण्यापूर्वीच दांडी कापली जाते. हरितगृहात कीटकरोधक जाळी शाबूत असेल तर या कीटकाचा विचार करण्याचे कारण नाही.

हिंगे : हात लावू नये असा कीटक

काळ्या पंखांवर नारिंगी-तांबडे रुंद पट्टे, दोन ते अडीच सेंटिमीटर लांबीचे मऊसर अंग, बारीक मान आणि संथ उड्डाण ही हिंग्यांची, म्हणजे मायलाब्रिस पुस्टुलाटा या भुंगेऱ्याची ओळख. अलीकडच्या वर्गीकरणात त्याला हायक्लियस प्रजातीत ठेवतात. देशाच्या बहुतेक भागांत खरीप हंगामात तूर, चवळी, मूग, भेंडी यांच्या फुलांवर तो दिसतो. फुलबागेत त्याची विशेष आवड जास्वंद. एकेक भुंगेरा दिवसाउजेडी पाकळ्या कडेपासून आत खात जातो आणि अनेकदा फुलाचे केवळ देठ व हिरवे आवरण शिल्लक ठेवतो.

या कीटकाच्या रक्तात कँथारिडिन नावाचे द्रव्य असते. १८१० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके यांनी ते एका युरोपीय हिंग्यापासून वेगळे केले. हिंग्यांमध्ये हे द्रव्य नर तयार करतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो. मादीकडून ते अंड्यांच्या संरक्षणासाठी वापरले जाते. भुंगेऱ्याला दाबले की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब बाहेर येतात. ते त्वचेला लागल्यावर लगेच काही जाणवत नाही. फोड काही तासांनी उठतो. म्हणूनच सकाळी बागेत चिरडलेल्या किड्याचा आणि संध्याकाळी मनगटावर आलेल्या फोडाचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

तोडणी करणाऱ्या व्यक्तींना पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. अंगावर बसलेला हिंग्या चापट मारून चिरडू नये, फुंकर मारून किंवा काडीने उडवावा. स्राव लागल्याची शंका येताच तो भाग साबण व भरपूर पाण्याने धुवावा. त्या हाताने डोळे चोळू नयेत. फोड आल्यास फोडू नये, आणि डोळ्यात स्राव गेल्यास किंवा फोड मोठे असल्यास डॉक्टरांकडे जावे. हे भुंगेरे वेचायचे झाल्यास रबरी हातमोजे घालून किंवा हातजाळीने पकडावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. मेलेल्या भुंगेऱ्यांतही हे द्रव्य टिकून राहते. त्यामुळे ते जनावरांच्या चाऱ्यात किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत, खड्ड्यात पुरावेत. मुलांना गोळा करायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती तत्काळ थांबवावी.

आता या कीटकाची दुसरी बाजू. मादी जमिनीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली चपळ, लांब पायांची अळी मातीत फिरून नाकतोड्यांची अंडी शोधते. ती सापडली की कात टाकून तिचे रूप पालटते. पाय आखूड होतात, शरीर स्थूल होते आणि ती त्या अंड्यांवरच वाढते. थोडक्यात, फुले खाणाऱ्या हिंग्यांची मागची पिढी आपल्या बांधावरील नाकतोड्यांची अंडी खाऊन मोठी झालेली असते. कीटकशास्त्रात अशी दुहेरी भूमिका दुर्मीळ नाही, पण सल्ला देताना ती गैरसोयीची ठरते. माझा स्वतःचा निर्णय असा : घराभोवतीच्या बागेत दोन-चार हिंगे असतील तर हातजाळीच्या पलीकडे काही करू नये. तुरीसारख्या पिकात, जेथे प्रत्येक फूल म्हणजे एक संभाव्य शेंग असते, तेथे गणित वेगळे आहे. झेंडू किंवा झिनियाच्या बीजोत्पादनातही फुलाचा मधला भाग गेला की बी गेले, म्हणून तेथे वेचणी काटेकोरपणे आणि दररोज करावी लागते.

बांधावर जास्वंद असल्यास हिंगे प्रथम तिच्यावर दिसतात. भाजीपाला किंवा कडधान्य घेणाऱ्या शेतकऱ्यांनी सकाळी त्या एका झाडावर नजर टाकण्याची सवय ठेवावी.

रात्री येणारे : हुमणीचे भुंगेरे

रात्रीतून गुलाबाची पाने चाळणीसारखी झाली, कळ्या व पाकळ्याही कुरतडल्या गेल्या आणि दिवसा शोधूनही काही सापडले नाही, तर तो हुमणीच्या गटातील तपकिरी भुंगेऱ्यांचा किंवा त्यांच्याहून लहान अॅडोरेटस भुंगेऱ्यांचा उद्योग असतो. दिवसा ते मातीत किंवा पालापाचोळ्याखाली दडलेले असतात. खात्रीसाठी रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन बागेत जावे. याहून सोपे आणि विश्वसनीय निदान नाही, आणि याचाच सर्वांना कंटाळा असतो.

महाराष्ट्र व कर्नाटकात होलोट्रिकिया सेराटा, राजस्थान व गुजरातच्या रेताड जमिनीत होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया, हिमाचल व उत्तराखंडच्या डोंगराळ भागात ब्राह्मिना कोरिएशिया अशा प्रदेशानुसार जाती बदलतात. सूत्र मात्र बहुतेकांचे एकच. वळवाचा किंवा मोसमाचा पहिला चांगला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, आवडत्या झाडांवर जमतात, मीलन करतात, पाने खातात आणि पहाटे पुन्हा जमिनीत शिरतात. आपल्याकडे कडुनिंब, बाभूळ व बोर, तर राजस्थानात खेजडी ही त्यांची जमण्याची झाडे. वर्षातून एकच पिढी होत असल्यामुळे त्या पहिल्या काही संध्याकाळी मारलेल्या मादीचे मोल पुढे वर्षभर मिळते. झाडाखाली कापड पसरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे एका बागेने करून भागत नाही, गावाने करावे लागते. आसाममधील माजुली बेटावर हुमणीच्या दुसऱ्या एका जातीविरुद्ध प्रकाश सापळ्यांद्वारे गावकऱ्यांनी एकत्र येऊन केलेले काम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

प्रकाश सापळ्याविषयी एक सावधगिरी. सापळा गुलाबाच्या वाफ्यात लावू नये. दिव्याकडे आलेले सर्वच भुंगेरे पात्रात पडत नाहीत, उरलेले जवळच्या झाडावर उतरतात. सापळा बागेपासून दूर, मोकळ्या जागी लावावा. याच न्यायाने, पडवीत रात्रभर जळणारा प्रखर पांढरा दिवा आणि त्याखाली गुलाबाच्या कुंड्या ही रचना भुंगेऱ्यांना दिलेले निमंत्रणच आहे. त्या काळापुरता दिवा पिवळसर करावा किंवा कुंड्या हलवाव्यात.

हुमणीच्या अळ्या मुळे खातात. झाड कोमेजते व सहज उपटून येते. येथे जमिनीतील उपाय सार्थ ठरतो. मेटारायझियम बुरशी किंवा हेटेरोरॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी यांचा वापर अळ्या लहान असताना, म्हणजे पावसाळ्याच्या पूर्वार्धात, ओलसर जमिनीत आणि संध्याकाळी करावा. या सूत्रकृमीचे मूळ वर्णन १९९२ मध्ये कोइम्बतूर परिसरातील नमुन्यांवरून झाले. तो आपल्या उष्ण हवेचा रहिवासी आहे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने त्याची भुकटी स्वरूपातील उत्पादने विकसित केली आहेत. प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावे. पंधरा दिवसांनी माती उकरून पाहावी : सूत्रकृमीने मेलेली अळी विटकरी लाल दिसते, बुरशीने मेलेली अळी आधी पांढुरकी व नंतर हिरवट होते. कोरड्या मातीत, भर उन्हात टाकलेली ही उत्पादने वाया जातात आणि दोष मात्र जैविक नियंत्रणाला लागतो.

परदेशी सल्ल्यांचा गोंधळ

भ्रमणध्वनीवर गुलाब आणि भुंगेरे असे शब्द शोधले की बहुतेक माहिती जपानी भुंगेऱ्याविषयी मिळते. पोपिलिया जॅपोनिका हा कीटक १९१६ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रथम आढळला आणि तेथून मोठ्या भागात पसरला. २०१४ मध्ये तो इटलीत पोहोचला. भारतात तो स्थिरावलेला नाही. त्याच प्रजातीतील अन्य भुंगेरे हिमालयाच्या परिसरात आहेत, पण ते वेगळे. त्याच्यासाठी तिकडे विकली जाणारी दुधी रोगाच्या जिवाणूची पावडर प्रामुख्याने त्याच भुंगेऱ्याच्या अळ्यांवर चालते. आपल्या हुमणीसाठी ती मागवणे व्यर्थ आहे. त्याच्या गंध सापळ्यांविषयीही अमेरिकेतील अभ्यासांत असे दिसले की सापळा पकडतो त्याहून अधिक भुंगेरे परिसरात ओढून आणतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याने दाखवलेली चित्रफीत कोणत्या देशातील, कोणत्या कीटकाची आहे हे प्रथम पाहावे.

गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. नारिंगी अंगावर काळे ठिपके पाहून ढालकिडे मारले जातात. ढालकिडा अर्धगोलाकार, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा असतो आणि गुलाब-शेवंतीवरील मावा खातो. त्याला मारल्यास पुढच्या महिन्यात माव्यासाठी फवारणी करावी लागते.

फवारणीचा प्रश्न

उमललेल्या फुलावर कीटकनाशक फवारणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. भुंगेरा ज्या परागासाठी येतो त्याच परागासाठी मधमाशी येते. भुंगेरे उडून जातात व दोन दिवसांनी शेजारून नवे येतात, माश्या मात्र विषासह पेटीत परततात. शिवाय आपल्याकडे फूल केवळ पाहण्यासाठी नसते. गुलाबाचा गुलकंद होतो, जास्वंदीची फुले तेलात व काढ्यात जातात, झेंडू हातांनी ओवला जातो. एका गुलाब उत्पादकाने भुंगेऱ्यांसाठी फवारलेल्या फुलांपैकी उरलेली फुले घरी गुलकंदासाठी ठेवल्याचे मी पाहिले आहे. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुडीवर ज्या पिकाचा व किडीचा उल्लेख नाही तेथे ते कीटकनाशक सुचवू नये, आणि लेबल क्लेम असला तरी काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी शेतकऱ्याला तोंडी सांगून समजल्याची खात्री करावी.

कळ्यांच्या व पानांच्या संरक्षणासाठी पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. तो भुंगेऱ्यांना लगेच मारत नाही, त्यांचे खाणे कमी करतो, ही अपेक्षा आधीच स्पष्ट करावी. दहा लिटर द्रावणासाठी अर्धा किलो निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, त्यात वीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि पाणी घालून दहा लिटर करावे. अर्क त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर वापरावा. पाऊस पडल्यास परिणाम धुऊन जातो. प्रथम एकाच झाडावर फवारून दुसऱ्या दिवशी पाहावे, कारण फिकट रंगाच्या कळ्यांवर डाग पडण्याची शक्यता असते.

प्रदर्शनासाठी किंवा विशेष मागणीसाठी राखलेल्या मोजक्या कळ्यांना रंग दिसू लागताच मलमलीची किंवा बारीक नायलॉन जाळीची पिशवी सैल बांधावी. बीजोत्पादनाच्या वाफ्यावर मात्र जाळी टाकू नये, परागीभवन थांबेल. जेथे फुले तोडण्यास आठवडाभर अवकाश आहे तेथे पूर्ण उमललेली, आधीच खराब झालेली फुले खुडून बागेबाहेर न्यावीत. अशा फुलांत भुंगेरे बसून राहतात आणि ताज्या फुलांकडे वळतात.

पुढील हंगामात छायाचित्र पाठवताना कुरतडलेल्या फुलाबरोबर आणखी तीन गोष्टी पाठवाव्यात : रात्री नऊ वाजता बॅटरीच्या उजेडात घेतलेले त्याच झाडाचे चित्र, सकाळी सहा वाजता फुलात बसलेल्या किड्याचे चित्र, आणि आळ्यात किंवा खताच्या खड्ड्यात अळी सापडल्यास ती गोणपाटावर कशी चालते याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. हिंग्याचे चित्र घ्यायचे असल्यास तो हातावर घेऊन काढू नये.